हरण्यासाठी उभे राहिलेले नलावडे

मिहिका, परवा व्हिडिओ कॉलवर तू म्हणालीस की तुमच्या तिकडच्या निवडणुकीचा निकाल लागल्यापासून तू दोन दिवस पांघरुणातून बाहेर आली नाहीस, आणि आर्यनने फोनवरची बातम्यांची सगळी ॲप्स काढून टाकली. मग तू विचारलंस, "आजी, तुम्ही लोकांनी इतक्या निवडणुका कशा सहन केल्यात?" मी म्हणाले, सवयीने. फोन ठेवल्यावर वाटलं, हे उत्तर बरोबर नव्हतं. मी काहीच सहन केलेलं नाही. मी मत देते, घरी येते आणि वरण गरम करते. सहन करणारा माणूस आमच्या वरच्या मजल्यावर राहत असे. त्यांच्याबद्दल लिहून पाठवते आहे. तुम्हा दोघा भावंडांना मराठी वाचायला वेळ लागतो, म्हणून वाक्यं लहान ठेवली आहेत. अडलं तर आईला विचारा.

दिगंबर नलावडे आमच्या कारेलीबागेतल्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर राहत, बरोबर आमच्या डोक्यावर. त्यांचे पणजोबा इथल्या संस्थानच्या घोडदळात होते असं ते सांगत, पण स्वतः ते कधी घोड्याच्या जवळही गेले नव्हते. रिफायनरीत त्यांनी चौतीस वर्षं एकच काम केलं. दाब, तापमान आणि पातळी दाखवणारी मापकं तपासायची. त्यामुळे काटा असलेली कुठलीही वस्तू दिसली की ते तिच्या काचेवर नखाने दोनदा टकटक करत. आमचं भिंतीवरचं घड्याळ, रिक्षाचा मीटर, डॉक्टरांचं रक्तदाबाचं यंत्र, काही म्हणून सुटत नसे. भाजीवालीचा तराजू ते रिकामा असताना बघत. मला म्हणत, "वहिनी, वजन नंतर. आधी शून्य बघायचं. रिकामा तराजू शून्यावर नसेल, तर पुढे सोनं तोला नाहीतर वांगी, सगळं चूक."

त्यांचा एक पक्ष होता. त्याचं नाव सांगत नाही. आमच्या भागात तो निवडून येत नाही, एवढं तुम्हाला पुरे आहे. निवृत्त झाल्यावर नलावड्यांनी त्या पक्षाचं काम मनापासून सुरू केलं. उन्हात टोपी घालून ते मतदारांच्या चिठ्ठ्या वाटत, कोणाच्याही घरी पाणीसुद्धा घेत नसत. पहिल्याच निवडणुकीत त्यांना विजयाची इतकी खात्री होती की मतमोजणीच्या आदल्या दिवशीच त्यांनी दांडिया बाजारातून पाच किलो पेढे आणून ठेवले. दुपारी बारापर्यंत निकाल स्पष्ट झाला. पेढ्यांचं काय करायचं हा प्रश्न उरला, कारण ते घर माफक गोड खाणाऱ्या दोनच माणसांचं होतं. संध्याकाळी नलावडे इस्त्रीचा सदरा घालून घरोघर पेढे घेऊन आले.

"कशाचे?" मी विचारलं.

"हरल्याचे. घ्या. आजच खा, उद्यापर्यंत टिकणार नाहीत."

दुसऱ्या दिवशी त्यांच्या दारावर, नावाच्या पाटीखाली, पुठ्ठ्याचं एक कार्ड दोऱ्याने लटकलेलं दिसलं. रिफायनरीत प्रत्येक मापकाला असं कार्ड बांधलेलं असतं. कधी तपासलं, काय दोष निघाला, काय दुरुस्ती केली, पुढची तपासणी कधी. नलावड्यांनी ते स्वतःचं केलं होतं. त्यावर लिहिलं होतं: "नाव: दि. नलावडे. दोष: पाण्याची भीती. दुरुस्ती: पोहणे. पुढची तपासणी: पुढची निवडणूक." आमचा पोस्टमन ते रोज उभा राहून वाचायचा.

मी विचारलं, "निकालाचा आणि पाण्याचा काय संबंध?"

"वहिनी, मापक चुकीचं दाखवतंय असं वाटलं तर आम्ही अख्खा प्लँट उघडत नाही. आधी मापक काढून टेबलावर घेतो. देश म्हणजे प्लँट. तो मला उघडता येणार नाही. मी मापक आहे. मला वाटतंय की सगळं चुकलं. पण मीच बिघडलेलो असेन तर?"

"आणि तुम्ही तपासून ठीक निघालात तर?"

"मग शांतपणे सांगता येतं की गडबड प्लँटमध्ये आहे. घाबरलेल्या माणसाचं कोण ऐकतं?"

यात काहीतरी चूक आहे असं मला वाटत होतं. पण ती कुठे आहे हे मला आजवर सापडलेलं नाही.

पोहण्याच्या तलावावर मोठ्यांचा वर्ग भरलेला होता, म्हणून त्रेसष्ट वर्षांचे नलावडे सहा ते आठ वयाच्या मुलांच्या वर्गात दाखल झाले. पोटाखाली थर्माकोलची पाटी धरून ते चार महिने पाय मारत होते. ज्या दिवशी ते पहिल्यांदा तलावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले, त्याच दिवशी तिथे नव्या नगरसेवकांचा सत्कार होता. नलावड्यांनी ज्यांना मत दिलं नव्हतं तेच हे नगरसेवक. नलावडे ओल्या अंगाने त्यांच्यासमोर गेले, नमस्कार केला आणि म्हणाले, "साहेब, तुमच्यामुळे पोहायला शिकलो." नगरसेवकांनी ते वाक्य भाषणात घेतलं. ज्येष्ठ नागरिकही आमच्या कामाने भारावून पाण्यात उतरत आहेत, असं दुसऱ्या दिवशी फोटोसकट छापून आलं. नलावड्यांच्या पक्षातले लोक चिडले. नलावडे म्हणाले, "मी खोटं काय बोललो?" तलावाकडून त्यांना बदकाचं चित्र असलेलं प्रशस्तिपत्र मिळालं. ते त्यांनी फ्रेम करून घेतलं.

मग विधानसभा हरली आणि कार्डावर आलं: "दोष: आयतं खाणे. दुरुस्ती: पोळी." त्यांच्या पोळ्या गोल होत नसत. मतदारसंघांच्या नकाशासारख्या त्यांना कुठेही कोपरे फुटत. शालिनीताई, म्हणजे त्यांची बायको, ताट वाढताना म्हणायची, "आज दोन मतदारसंघ देऊ की तीन?" पण वर्षभरात पोळी गोल झाली. पुढे महापालिका हरली आणि त्यांनी घरातले कपडे धुवून, वाळवून, घड्या घालायला घेतले. पोटनिवडणूक हरली तेव्हा ते घोरायचे थांबले. ते कसं, हे त्यांनी कोणालाच सांगितलं नाही.

एकदा जिन्यात बसून तुरीचे दाणे सोलता सोलता शालिनीताईने मला हळूच सांगितलं, "मी मत दर वेळी दुसऱ्यांना देते हं."

मी चकित झाले. "नलावड्यांना माहीत आहे?"

"त्यांना कशाला सांगायचं? लग्नाला छत्तीस वर्षं झाल्यावर या माणसाने पहिल्यांदा स्वतःचा रुमाल धुतला, वहिनी. जिंकले असते तर धुतला असता का?" तिने एक शेंग मोडली. "अजून पंखे पुसायचे राहिलेत. लोकसभा येऊ दे."

नलावड्यांच्या समोरच्या दारात रसिकभाई राहत. त्यांचं लोखंडी सामानाचं दुकान होतं, ते आता मुलगा बघतो. रसिकभाईंचं लहानपण दांडिया बाजारात मराठी घरांच्या शेजारी गेलेलं. त्यामुळे ते आमच्याशी मराठीच बोलत, फक्त मनातलं असलं की गुजरातीत जात. त्यांचा पक्ष नेहमी जिंकत असे. याबद्दल ते नलावड्यांकडे तक्रार करत.

"नलावडेसाहेब, तुम्ही हरून हरून पोहायला शिकले, रोटली शिकले. आणि मी? मी जिंकून जिंकून होतो तसाच राहिलो. शुगर वाढली. चहापण बनवता येत नाय."

"पक्ष बदला," नलावडे म्हणत.

"तेवढा सुधारायचा नाय मला."

दोन्ही दारांच्या मधल्या जागेत एक झोपाळा टांगलेला होता. आमच्याकडे त्याला सगळे हिंचकोच म्हणतात. रोज सकाळी साडेसहाला दोघे त्यावर बसून चहा पीत, आणि निवृत्तीनंतरच्या बारा वर्षांत यात खंड पडला नव्हता. झोपाळ्याच्या कड्यांचा आवाज आला की मी गॅस पेटवायची.

हे सगळं एका निकालाच्या दिवशी बंद पडलं. त्या वर्षी रसिकभाईंच्या मुलाने विजयाचा ढोल थेट बिल्डिंगमध्ये आणला, आणि ढोलवाले जिना चढून दुसऱ्या मजल्यावर नलावड्यांच्या दारासमोर पाऊण तास वाजवत राहिले. रसिकभाई मध्ये उभे राहून हसत होते. थांबवायला हवं होतं, हे त्यांना नंतर कळलं. नलावडे आत बसून राहिले. मग त्यांनी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं, "समोरच्या घरातलं मत एका प्लेट शेव-उसळीला मिळतं. ज्यांना हवं असेल त्यांनी उसळ घेऊन यावं." आम्ही सोळा घरांनी ते वाचलं. रसिकभाईंनी उत्तरात फक्त जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलं आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी कड्यांचा आवाज साडेसहाला आला, तसा सातलाही आला. मी वर जाऊन पाहिलं. साडेसहा ते सात नलावडे एकटे झोपाळ्यावर बसले होते. सात वाजता ते उठून आत गेले, आणि मग रसिकभाई बाहेर येऊन सात ते साडेसात बसले. कोणी काही ठरवलेलं नव्हतं. रिफायनरीतल्या पाळ्यांसारखं ते आपोआप सुरू झालं आणि आठ महिने एका मिनिटाचाही फरक न पडता चाललं.

या वेळी कार्डावर लिहिलं होतं: "दोष: माफी मागता येत नाही." दुरुस्तीची जागा कोरी होती.

त्या दिवसांत नलावड्यांनी मला त्यांच्या वडिलांची गोष्ट सांगितली. आधी ती त्यांनी कधीच सांगितली नव्हती. त्यांचे वडील आणि काका दांडिया बाजारात एकाच माळ्यावर शेजारी शेजारी राहत. कुठल्याशा निवडणुकीत दोघे दोन बाजूंना गेले आणि एकोणीस वर्षं एकमेकांशी बोलले नाहीत. काही सांगायचं असलं की दोघेही गॅलरीतून खालच्या पानवाल्याला सांगत, आणि पानवाला मान वर करून दुसऱ्याला सांगे. दोघांना सगळं आधीच ऐकू आलेलं असे. काका वारले त्या सकाळी नलावड्यांचे वडील गॅलरीत आले, आणि खाली वाकून पानवाल्याला म्हणाले, "त्यांच्याकडे सांग, मला वाईट वाटलं."

"पानवाल्याने सांगितलं?" मी विचारलं.

"कोणाला सांगणार?" नलावडे म्हणाले. "वहिनी, निवडणुका मी आणखी दहा हरू शकतो. मला त्याचं काही नाही. पण मी वडिलांसारखा झालो, तर मग मी खरोखर हरलो."

त्यांच्यासाठी काय पणाला लागलं होतं ते मला त्या दिवशी कळलं. तोपर्यंत मी त्यांच्या कार्डांना गंमत समजत होते.

त्यांनी माफीचा सराव सुरू केला, आणि रीतसर सुरू केला. आधी निर्जीव वस्तू. शिट्टी व्हायच्या आत उघडायला घेतलेल्या कुकरची त्यांनी माफी मागितली. मग लाथ मारलेल्या स्कूटरची. मग माणसं. बँकेत एका बाईंवर ते सहा वर्षांपूर्वी ओरडले होते. त्या बाईंची बदली झाली होती, म्हणून त्यांनी त्या खुर्चीवरच्या नव्या बाईंची माफी मागितली. एक जुना पाना परत करायला ते समा भागात एका सहकाऱ्याच्या घरी गेले. सहकाऱ्याला पाना आठवत नव्हता, आणि थोड्या वेळाने असं लक्षात आलं की त्याला नलावडेही आठवत नव्हते. नलावड्यांनी तरीही माफी मागितली. माझीही मागितली. कशाबद्दल, असं मी विचारलं, तर म्हणाले, "ते तुम्हाला माहीत असेल. मी आपली सरसकट मागतोय."

कारेलीबागेत माफी मागायचं कोणी शिल्लक राहिलं नाही, तेव्हा ते रसिकभाईंच्या दारासमोर उभे राहिले. मी जिन्यात होते. त्यांनी बेल वाजवली. रसिकभाईंनी दार उघडलं. नलावड्यांनी तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं आणि म्हणाले, "तुमची दुधाची पिशवी बाहेर राहिली आहे."

"दिसली," रसिकभाई म्हणाले. दार लागलं.

असं तीनदा झालं. दुसऱ्या वेळी वर्तमानपत्र होतं, तिसऱ्या वेळी पाण्याच्या टाकीचा वॉल्व्ह.

मग सोसायटीच्या वार्षिक सभेचा कागद लागला. सेक्रेटरीची निवडणूक होती. अकरा वर्षं रसिकभाईच सेक्रेटरी होते. त्यांच्याविरुद्ध कोणी उभं राहत नसे, कारण त्या पदात पाण्याच्या टँकरशी भांडण्याखेरीज काही नाही. नलावड्यांनी अर्ज भरला. बिल्डिंगमध्ये सगळे म्हणाले, आता हे सूड घेणार. शालिनीताई कपाळाला हात लावून बसली. मी त्यांना गाठलं.

"हे काय नवीन?"

"दुरुस्ती," नलावडे म्हणाले. "माफी माझ्या तोंडातून निघत नाही, वहिनी. मी खूप प्रयत्न केला. तर ती मतपेटीतून निघू दे. मी त्यांच्याकडून समोरासमोर हरतो. सोळाच्या सोळा मतांनी. माझंसुद्धा मत त्यांनाच. मग त्यांना कळेल."

"सरळ बोलण्यापेक्षा हे सोपं आहे?"

"हरायची मला सवय आहे."

मग त्यांनी प्रचार केला, आणि तसा प्रचार मी कधी पाहिला नव्हता. ते प्रत्येक घरी जाऊन सांगत, "मला मत देऊ नका. माझ्यात काही नाही. रसिकभाईंनी पाण्याची लाईन आणली, लिफ्ट आणली. मी काय आणलं? पेढे." लोक हसत आणि चहा विचारत. चहा घ्यायला ते तयार नसत. मतदाराकडून काही घ्यायचं नाही, ही त्यांची जुनी शिस्त होती. फक्त समोरच्या दारात ते गेले नाहीत.

निवडणूक अधिकारी मी होते. माझं अक्षर स्वच्छ आहे आणि मी कोणाच्यात नसते, म्हणून हे काम दर वर्षी माझ्याकडेच येतं. घरटी एक मत. कागदाच्या सारख्या मापाच्या सोळा चिठ्ठ्या मी कापल्या, आणि पिठाचा रिकामा डबा मतपेटी म्हणून ठेवला. मोजणीला बसले. रसिकभाई, रसिकभाई, रसिकभाई. अकराव्या चिठ्ठीवर नलावड्यांचं नाव होतं. गुजराती लिपीत, लांबोळक्या, उजवीकडे झुकलेल्या अक्षरांत. ते अक्षर मी सोसायटीच्या सूचनाफलकावर अकरा वर्षं वाचत आले होते. मी चिठ्ठी पालथी ठेवली आणि पुढची उघडली.

निकाल पंधरा विरुद्ध एक. टाळ्या वाजल्या. रसिकभाईंनी मान खाली घातली होती. नलावडे उभे राहिले. त्यांचा चेहरा इतका पडलेला मी कुठल्याच लोकसभेला पाहिला नव्हता.

"एक मत मला कोणी दिलं?" त्यांनी विचारलं.

मी म्हणाले, मत गुप्त असतं. चिठ्ठ्या नियमाप्रमाणे मी तिथेच फाडल्या.

सभा संपल्यावर ते आमच्या दारात आले. "वहिनी, मला साधं हरतासुद्धा येत नाही. सोळा-शून्य हवं होतं. कोणीतरी माझ्यावर दया केली आणि सगळं बिघडवलं. चला, निवडणूक अधिकारी म्हणून तुम्ही बरोबर चला. चौकशी करायची आहे."

"अशी चौकशी करता येत नाही."

"तुम्ही कोणाला दिलंत?"

"मी फक्त माझं सांगू शकते. रसिकभाईंना दिलं. तुम्हीच सांगितलं होतं."

"एक घर वजा," ते म्हणाले.

मी गेले. जायला नको होतं, पण गेले. तळमजल्यावर पहिल्या घरी नलावड्यांनी कडक आवाजात विचारलं, "सेक्रेटरीसाठी मला मत तुम्ही दिलंत का?" त्या घरातल्या बाईंना वाटलं, हरलेला म्हातारा माणूस आपला एकुलता एक मतदार शोधत फिरतोय. त्यांचे डोळे भरून आले. "हो काका, मीच दिलं. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका."

नलावडे संतापले. "मी स्पष्ट सांगितलं होतं ना, देऊ नका म्हणून?"

दुसऱ्या घरीही हेच. "आमचंच होतं हो ते, भाऊ." तिसऱ्या घरी नवरा-बायको दोघांनी एकदमच, आपणच दिलं असं सांगितलं, आणि घरटी एकच मत असल्यामुळे त्यांच्यात वाद सुरू झाला. चौथ्या घरी चिवडा मिळाला. आम्ही एकेक मजला चढत गेलो. चौथ्या मजल्यावरच्या ठक्करबेननी तर देवाची शपथ घेतली. बाकी सगळी घरं झाली तेव्हा नलावड्यांनी खिशातून कागद काढला. त्या एका मतावर तेरा घरांनी हक्क सांगितला होता.

"तेरा," ते जिन्याच्या पायरीवर बसत म्हणाले. "म्हणजे मी जवळजवळ निवडून आलो, वहिनी. जन्मात पहिल्यांदा. आणि तेही नको होतं तेव्हा."

आता एकच दार उरलं होतं.

त्यांनी बेल वाजवली. रसिकभाई लगेच आले. ते दाराआडच उभे असावेत.

"एक विचारायचं आहे," नलावडे म्हणाले. "सगळ्यांना विचारलं, म्हणून तुम्हालाही विचारतो. मला मत तुम्ही दिलं?"

रसिकभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या मीटरकडे पाहिलं.

"मी? नाय. मी कशाला देईन?"

हातातल्या कागदावरची तेरा नावं नलावड्यांनी पुन्हा एकदा वरून खाली वाचली. पूर्ण बिल्डिंगमध्ये दिलं नाही म्हणणारे दोनच जण होते, मी आणि रसिकभाई. माझं खरं होतं, हे त्यांना माहीत होतं, आणि सगळे दयेने हो म्हणत असताना नाही म्हणायचं तर काहीतरी लपवायचं असावं लागतं. चौतीस वर्षं चुकीचे आकडे पकडण्यात गेलेल्या माणसाला याहून जास्त काही लागत नाही.

"का दिलंत?" त्यांनी विचारलं.

रसिकभाई दाराची कडी चाचपत राहिले. मग गुजरातीत म्हणाले, "तमने कोईए तो आपवो जोईए ने." तुम्हाला कोणीतरी द्यायला हवं ना. "अने पेलो ढोल... ते थांबवायला पाहिजे होता मी. तीन वेळा बेल वाजवली तुम्ही. मला वाटलं आता बोलतील, मग मीपण बोलीन. तुम्ही दूध, पेपर, वॉल्व्ह."

"उसळीचं मी जे लिहिलं," नलावडे म्हणाले, आणि थांबले. मला वाटलं, आता पुन्हा दुधाची पिशवी येणार. "ते चूक होतं. मला माफ करा."

"उसळीचं खोटं नव्हतं," रसिकभाई म्हणाले. "खाल्ली होती मी. पण मत त्याच्यासाठी नव्हतं दिलं."

"मग कशासाठी दिलंत? त्या माणसाने पाच वर्षांत काय केलं?"

"ए, चालू नका करू. आत या. बेसो."

ते आत गेले आणि राजकारणावर दोन तास मोठ्याने भांडले. मी खाली आले. शालिनीताई जिन्यात माझी वाट बघत होती. वरून आवाज येत होते. "बोलायला लागले?" तिने विचारलं. मी हो म्हणाले. तिने डोळ्यांना पदर लावला. मग म्हणाली, "आता पंख्यांचं काय होणार, कोणास ठाऊक."

त्यानंतर चार वर्षं ते दोघे तसेच भांडत राहिले, रोज आणि एकत्र. नलावडे दोन निवडणुका आणखी हरले. त्यांत पंखे पुसून झाले आणि ते थोडं थोडं ऐकून घ्यायला शिकले. हे शेवटचं त्यांना सगळ्यांत जड गेलं, असं ते म्हणत.

घराबाहेर मी त्यांना शेवटचं पाहिलं ते मागच्या मतदानाच्या सकाळी. रसिकभाई घरात पडले होते आणि त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. मुलगा बाहेरगावी होता. डॉक्टरांनी घराबाहेर पडू नका असं सांगितलं होतं, आणि रसिकभाईंनी, मत द्यायला जाणारच, असं सांगितलं होतं. मतदान आमच्या मागच्या शाळेत होतं. मी मत देऊन परत येत होते, तेव्हा समोरून नलावडे व्हीलचेअर ढकलत येताना दिसले. सदऱ्याला इस्त्री होती. घामाने पाठ ओली झाली होती. ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते, आणि रसिकभाई त्यांच्यापेक्षा वीस किलो जड.

शाळेच्या अलीकडे रस्ता पाइपलाइनसाठी खणलेला होता आणि त्यावर फळ्या टाकल्या होत्या. तिथेच खुर्चीचं पुढचं चाक दोन फळ्यांच्या मधे अडकलं. जवळच निंबाच्या झाडाखाली नलावड्यांच्या पक्षाचं टेबल होतं. त्यावर मतदारयादी घेऊन दोन जुने कार्यकर्ते बसले होते. नलावड्यांना पाहून ते धावत आले.

"या, या, काका. कोणाला आणलंत? आपलं मत का?"

"आपलं नाही," नलावडे धापा टाकत म्हणाले. "हे मत आपल्याविरुद्ध आहे. तुम्ही डावीकडून उचला."

कार्यकर्ते थबकले. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं.

"काका, म्हणजे आपणच..."

"उचला हो. बंद व्हायच्या आत पोचायचं आहे."

"सहा वाजेपर्यंत आहे, काका. आता नऊ वाजताहेत."

"रांग बघा केवढी आहे."

रसिकभाई खुर्चीत बसून दोन्ही हातांनी मांडीवरची मतदाराची चिठ्ठी धरून होते. "सांभाळून हो," ते कार्यकर्त्यांना म्हणाले. "मला पाडू नका. मी पडलो तर तुमचा फायदा आहे, मला माहीत आहे."

तेव्हा ते दोघे हसले. एकाने डावीकडून धरलं, दुसऱ्याने उजवीकडून, आणि नलावड्यांनी मागून. तिघांनी मिळून आपल्या पक्षाविरुद्धचं ते मत फळ्यांवरून उचललं आणि पलीकडे नीट ठेवलं. नलावडे क्षणभर खुर्चीच्या पाठीवर हात टेकून उभे राहिले. मग त्यांनी वाकून रसिकभाईंच्या पायांवरून सरकलेली शाल परत घातली, आणि खुर्ची ढकलत शाळेच्या फाटकातून आत गेले.

मतमोजणीच्या आठ दिवस आधी नलावडे झोपेत गेले. त्यांचा पक्ष या वेळीही हरला. निकालाच्या सकाळी साडेसहाला मला वरून कड्यांचा आवाज ऐकू आला. मी चहा घेऊन वर गेले. रसिकभाई वॉकर बाजूला ठेवून झोपाळ्याच्या एका टोकाला बसले होते. दुसरं टोक मोकळं होतं. त्यांच्या मांडीवर एक पुठ्ठा होता आणि हातात पेन.

"वहिनी," ते म्हणाले, "मी जिंकलो. आता मी काय शिकू?"